आधी जुळवा, मग लॉक करा: कॉलरबोन आणि खांद्याच्या लॉकिंग प्लेटचा नीट क्रम

परवा परत तेच झालं. कॉलरबोनचं सरळसाधं मधल्या भागातलं फ्रॅक्चर, प्लेट वरून छान बसल्यासारखी दिसत होती, रेसिडेंटनं उत्साहात बाहेरच्या तुकड्यात दोन लॉकिंग स्क्रू टाकले, आतल्या तुकड्यात एक टाकला आणि सी-आर्मवर (ओटीतल्या चालत्या एक्स-रे मशीनवर) बघतो तर फ्रॅक्चरच्या जागी चांगली दोन मिलीमीटरची फट. तो म्हणतो, सर अजून एक स्क्रू टाकला की येईल जवळ. मी म्हटलं, ये बाबा, क्लॅम्प लाव आणि दाबून बघ. दाबलं, हाड तसूभर हललं नाही. मग तिन्ही स्क्रू काढले आणि पहिल्यापासून सुरुवात, वीस मिनिटं गेली आणि तीन भोकं उगाच सैल झाली.

साधा कॉर्टिकल स्क्रू फिरवला की त्याचं डोकं प्लेटला हाडावर ओढतं, किंवा हाडाला प्लेटकडे ओढतं. लॉकिंग स्क्रूच्या डोक्याला आटे असतात, ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत घट्ट बसतात, आणि त्या क्षणी प्लेट आणि हाड यांच्यात जे अंतर असेल ते तसंच पक्कं होतं. म्हणजे फट असेल तर फट लॉक, वाकडं असेल तर वाकडं लॉक. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, खालचं सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

हे मी ऑर्थोच्या रेसिडेंट्ससाठी आणि ओटीत सेट लावणाऱ्यांसाठी लिहितोय. पेशंट वाचत असतील तर टप्पा 1, 10 आणि 11 कामाचे. मापं सगळी नेहमीच्या 3.5 मिलीमीटर सिस्टिमची आहेत, तुमच्या सेटचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

टप्पा 1: प्लेट लागणार आहे का, हे आधी ठरवा

कॉलरबोन म्हणजे हंसळीचं हाड बऱ्याचदा नुसत्या स्लिंगमध्ये जुळतं. तुकडे फारसे सरकलेले नसतील तर कापायचं कारणच नाही. जखम उघडी असेल, टोक आतून कातडीला इतकं टोचतंय की कातडी पांढरी पडलीये, हाताची नस किंवा रक्तपुरवठा अडचणीत असेल, तर मात्र वाट बघू नका. तुकडे पूर्ण सरकलेत, हाड दोन सेंटिमीटरच्या आसपास आखूड झालंय, मध्ये चुरा आहे, आणि माणूस कामाचा, हात वापरणारा आहे, तर प्लेटचा विचार रास्त आहे. 2007 साली कॅनडातल्या सर्जन मंडळींची ट्रायल आली होती, 132 पेशंटची, त्यात सरकलेल्या मधल्या फ्रॅक्चरमध्ये प्लेटवाल्यांचं हाड न जुळण्याचं प्रमाण कमी होतं आणि वर्षभरानंतर खांदाही जास्त चांगला चालत होता. पण ती ट्रायल पूर्ण सरकलेल्या फ्रॅक्चरची होती, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

खांद्याच्या बाबतीत, म्हणजे ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) वरच्या टोकाला, अजून हात आखडता घ्या. 2015 ची ब्रिटनमधली प्रोफर ट्रायल, 250 पेशंट, त्यात सर्जरी आणि स्लिंग यांच्यात दोन वर्षांनी फरक दिसला नाही. याचा अर्थ कोणालाच प्लेट नको असा होत नाही, पण एक्स-रे भयानक दिसतोय एवढं कारण पुरेसं नाही. वयस्कर पेशंट, हाड खडूसारखं, ह्युमरसच्या डोक्याचेच (सांध्यातल्या गोल टोकाचे) दोन तुकडे झालेत किंवा ते डोकं सांध्याबाहेर पडलंय, तिथे प्लेटपेक्षा सांधा बदलण्याबद्दल सिनियरशी बोला.

तपासा: दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावरची संवेदना (अॅक्झिलरी नस), मनगट आणि बोटं वर उचलणं, नाडी. ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवा, तारीख-वेळ टाकून. नंतर नस चालत नाही असं कळलं आणि आधीची नोंदच नसली की ती मार लागल्यामुळे गेली की तुमच्यामुळे, हे कोणीच सांगू शकत नाही.

टप्पा 2: आदल्या दिवशीची तयारी

कॉलरबोनसाठी दोन एक्स-रे, एक सरळ समोरून आणि एक ट्यूब डोक्याकडे साधारण 20 अंश कलवून. पेशंट उभा किंवा बसलेला असताना काढा. झोपून काढलेल्या फोटोत तुकडे शहाण्यासारखे ओळीत दिसतात आणि उभं राहिलं की हात खाली ओढतो आणि खरं सरकणं दिसतं. आखूड किती झालंय ते मोजायला दुसऱ्या बाजूचा फोटोही लागतो.

खांद्यासाठी खरा समोरचा व्ह्यू, स्कॅप्युलर वाय (बाजूनं काढलेला) आणि अॅक्झिलरी (काखेतून काढलेला) व्ह्यू. अॅक्झिलरी व्ह्यूला दुखतं म्हणून टाळतात, आणि मग मागे निखळलेला खांदा सुटून जातो. तीन-चार तुकडे असतील तर सीटी करूनच घ्या.

सीटी बघताना आतल्या बाजूला, काखेकडे, बघायची सवय लावा. डोक्याला चिकटून खाली आलेला हाडाचा भाग किती लांब आहे? 8 मिलीमीटरपेक्षा कमी असेल आणि आतलं बिजागर (डोकं आणि खालचं हाड जिथे आतल्या बाजूला जुळतं ती कड) 2 मिलीमीटरपेक्षा जास्त सरकलं असेल तर डोक्याचा रक्तपुरवठा धोक्यात असण्याची शक्यता वाढते, पेशंटशी तसं आधीच बोलून घ्या. आणि आतली बाजू चुरा झालेली असेल तर ती प्लेट एकटी तोलणार नाही, हाडाचा आधार किंवा दुसरी काही सोय सेटबरोबर मागवून ठेवा.

सेट मागवताना बाजू सांगा, डावी की उजवी. कॉलरबोनच्या प्लेटा आधीच वळवलेल्या येतात आणि उजवीची डावीला बसत नाही. ऐकायला बावळटपणाचं वाटतं पण रात्रीच्या केसला चुकीच्या बाजूची प्लेट ट्रेमध्ये निघालेली मी बघितली आहे. ट्रे उघडून या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा:

- आटे असलेली ड्रिल स्लीव्ह, कमीत कमी दोन
- 2.8 चं ड्रिल लॉकिंग स्क्रूसाठी आणि 2.5 चं साध्या 3.5 कॉर्टिकलसाठी, दोन्ही धारदार
- टॉर्क लिमिटर, 3.5 लॉकिंगसाठी 1.5 न्यूटन-मीटरचा
- डेप्थ गेज, टोकदार रिडक्शन क्लॅम्प (तुकडे जुळवून धरायचा चिमटा), के-वायर (तात्पुरतं धरायची तार)
- खांद्याची केस असेल तर न विरघळणारा जाड धागा, भरपूर

सावध: 2.5 आणि 2.8 ची अदलाबदल ही सगळ्यात स्वस्तात होणारी चूक आहे. कॉर्टिकल स्क्रूसाठी 2.8 नं भोक पाडलं की तो स्क्रू सैल बसतो आणि नीट पकड घेत नाही. सिस्टरला मागताना नंबर मोठ्यानं बोला, तिनं देताना परत बोलावा.

टप्पा 3: टेबल, पोझिशन, सी-आर्म

पाठ उचललेली बीच-चेअर पोझिशन दोन्हीला चालते. कॉलरबोनला नुसतं उताणं झोपवून दोन खांद्यांच्या मध्ये छोटी गुंडाळी दिली तरी काम होतं, खांदे मागे पडतात आणि आखूड झालेलं हाड थोडं लांब होतं. डोकं दुसऱ्या बाजूला वळवून नीट बांधा, बीच-चेअरमध्ये मान घसरली की पुढचे दोन तास कोणाचं लक्ष नसतं.

आणि आता जे कोणी करत नाही ते करा. चादरी टाकायच्या आधी सी-आर्म आत आणा आणि लागणारे सगळे व्ह्यू खरोखर काढून बघा, खांद्याला समोरून आणि काखेतून. टेबलचा लोखंडी दांडा आडवा येतोय, मशीन डोक्याला अडतंय, हे सगळं आत्ता कळलं तर दोन मिनिटांचं काम. ड्रेपिंग झाल्यावर कळलं की मग "चालेल, दिसतंय तेवढं" सुरू होतं, आणि सांध्यात घुसलेला स्क्रू नेमका त्या न दिसलेल्या व्ह्यूत असतो.

अँटिबायोटिक कापण्याच्या आधीच्या तासाभरात गेलं पाहिजे. खांद्याच्या कातडीत, विशेषतः काखेजवळ, क्युटिबॅक्टेरियम नावाचा जंतू मुरलेला असतो जो महिन्यांनी हळूच डोकं वर काढतो, त्यामुळे इथली सफाई उरकल्यासारखी करू नका.

टप्पा 4: कॉलरबोन उघडणं

चीर प्लेटच्या बरोबर वर नको, किंचित खाली घ्या. टाक्याची रेघ आणि धातू एकमेकांवर आले की जखम चिडते आणि पुढे बॅगेचा पट्टा रोज तिथेच घासतो.

कातडीखाली उभ्या जाणाऱ्या बारीक नसा दिसतील, सुप्राक्लॅव्हिक्युलर. दिसतील तेवढ्या जपा. सगळ्या वाचत नाहीत, म्हणून छातीच्या वरच्या भागात बधिरपणा येऊ शकतो हे पेशंटला आदल्या दिवशीच सांगितलेलं असलं पाहिजे. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो.

हाडावरचं आवरण खरवडून साफ करायची हौस आवरा. फ्रॅक्चरची कड दिसेल एवढंच सोडवा. मधला फुलपाखरासारखा तुकडा मांसाला चिकटलेला असेल तर त्याला चिकटलेलाच राहू द्या, बाहेर काढून धुऊन परत ठेवलेला तुकडा हा मेलेला तुकडा असतो.

टप्पा 5: जुळवणी आणि प्लेटची जागा

दोन टोकदार क्लॅम्प, एक आतल्या तुकड्याला आणि एक बाहेरच्याला, ओढा, फिरवा, जुळवा. फ्रॅक्चर तिरकं असेल तर आरपार एक लॅग स्क्रू (दोन तुकडे एकमेकांवर ओढणारा) टाकून ते दाबून घ्या आणि मग प्लेट आणा. चुरा असेल तर प्रत्येक चिपोरा जुळवत बसू नका, लांबी आणि फिरकी बरोबर करा आणि प्लेटनं पूल बांधा.

प्लेट वरच्या बाजूला लावायची की पुढून-खालून, यावर ओटीत वाद घालायला लोकांना आवडतं. वरून लावणं सोपं आणि बांधणीला पक्कं, पण ड्रिलचं टोक खाली फुफ्फुस आणि सबक्लेव्हियन रक्तवाहिन्यांकडे जातं आणि बारीक माणसात प्लेट कातडीखाली हाताला लागते. पुढून-खालून लावली तर स्क्रू लांब मिळतात, धातू कमी टोचतो, फक्त जास्त मांस सोडवावं लागतं आणि प्लेट बसवायला त्रास होतो. मी बारीक बांध्याच्या पेशंटला पुढून लावतो. तुम्ही ज्यात तयार आहात ते करा, पण कारण माहीत असू द्या.

आधी वळवलेली प्लेट सगळ्यांना फिट बसत नाही, कॉलरबोनचा बाक माणसागणिक वेगळा. थोडं वाकवायचं असेल तर भोकांच्या मधल्या भागात वाकवा, आट्याच्या भोकावर नको. भोक एकदा लंबगोल झालं की स्क्रूचं डोकं त्यात सरळ बसत नाही. आणि वाकवून परत सरळ, परत वाकवून परत सरळ असं करू नका, धातू तिथेच थकतो आणि पुढे तिथेच तुटतो.

तपासा: क्लॅम्पमध्ये धरलेल्या अवस्थेत सी-आर्मवर लांबी, फट, फिरकी. या घटकेला जे चुकीचं दिसतंय ते पुढे आपोआप बरोबर होणार नाही.

टप्पा 6: स्क्रूचा क्रम

इथे हळू वाचा.

6.1 पहिला स्क्रू कॉर्टिकल. फ्रॅक्चरच्या एका बाजूला, 2.5 नं ड्रिल, प्लेट हाडावर ओढून घ्या.

6.2 दुसरा स्क्रूही कॉर्टिकल, दुसऱ्या बाजूला, भोकात फ्रॅक्चरपासून लांबच्या कडेला ड्रिल करून. घट्ट केला की तुकडा फ्रॅक्चरकडे सरकतो. अर्थात हे साध्या फ्रॅक्चरला. चुरा असेल तर दाबायचं नाही, दाबलं तर हाड आखूड होतं.

6.3 आता सी-आर्म. फट गेली का? लांबी बरोबर का? हो असेल तरच पुढे.

6.4 मग लॉकिंग. आटेवाली स्लीव्ह हातानं भोकात फिरवा, पूर्ण बसेपर्यंत. पहिल्या दोन आट्यांत अडकतेय असं वाटलं तर जोर लावू नका, उलटी फिरवून काढा आणि परत लावा. स्लीव्ह वाकडी बसली की ड्रिल वाकडं, ड्रिल वाकडं की स्क्रूचं डोकं वाकडं, आणि साध्या लॉकिंग भोकात पाच अंशांपेक्षा जास्त कलला तर पकड बरीच कमी होते. व्हेरिएबल अँगल सिस्टिममध्ये ठरावीक मर्यादेत कल चालतो, पण तुमच्या हातातली प्लेट कोणती आहे हे आधी बघा, अंदाजानं कल देऊ नका.

6.5 2.8 नं ड्रिल, स्लीव्ह काढा, मग डेप्थ गेज. गेज स्लीव्हमधून घातलं की माप जास्त येतं, आणि हे चुकणारे खूप आहेत.

6.6 स्क्रू मशीननं आत घेतलात तरी डोकं प्लेटजवळ आलं की थांबा. शेवटचे फेरे हातानं, टॉर्क लिमिटर लावून, टक् असा आवाज येईपर्यंत. मशीननं घट्ट केलेला स्क्रू आज मस्त वाटतो आणि दीड वर्षानी काढायला येणारा तुमचा मित्र तुमच्या नावानं खडे फोडतो, कारण डोकं प्लेटमध्ये वितळवल्यासारखं जाम होतं.

लॉकिंग स्क्रूची अजून एक गंमत. हाडात तो अजिबात पकड घेत नसला तरी हाताला घट्टच लागतो, कारण घट्टपणा प्लेटच्या आट्यांतून येतो. साध्या स्क्रूला हाड कसं आहे ते बोटांना कळतं, इथे नाही कळत. म्हणून "काय ग्रिप आलीये" या समाधानावर जाऊ नका, फोटो बघा.

प्रत्येक बाजूला निदान तीन स्क्रू, आरपार दोन्ही कवचांतून. चुऱ्याचा पूल बांधला असेल तर मधली दोन-तीन भोकं मुद्दाम रिकामी सोडा. भोक दिसलं की भरायचं ही सवय घातक आहे, फ्रॅक्चरला लागून सगळी भोकं भरली की प्लेट तेवढ्याशा तुकड्यात वाकते आणि तिथेच तुटते.

सावध: हाडाच्या खाली बोथट रिट्रॅक्टर ठेवल्याशिवाय वरून ड्रिल करायचं नाही. धारदार ड्रिल, हलका हात, पलीकडचं कवच फुटल्याचा आवाज बदलला की थांबा. बोथट ड्रिलला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते धसकन आत जातं. आतल्या टोकाकडे शिर अगदी हाडाला लागून असते, तिथे पलीकडचं कवच सोडून छोट्या लॉकिंग स्क्रूवर समाधान मानावं लागलं तरी माना.

टप्पा 7: कॉलरबोनचं बाहेरचं टोक

टोकाचा तुकडा मोठा असेल तर बाहेरच्या टोकाची वेगळी लॉकिंग प्लेट, बारीक स्क्रूंचा झुबका असलेली. तुकडा बिस्किटाएवढाच असेल तर हुक प्लेट, जिचा आकडा सांध्याच्या मागून अॅक्रोमियनच्या (खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाच्या) खाली जातो. आकड्याची खोली नीट निवडा, उथळ निवडून जोरानं दाबला तर अॅक्रोमियन खालून कुरतडला जातो. आणि ही प्लेट कायमची नाही, हाड जुळल्यावर, साधारण तीन-चार महिन्यांनी, काढायचीच. ते डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरात लिहा. एकदा दोन वर्षांनी "खांदा वर जात नाही" म्हणून आलेल्या पेशंटला आपल्या खांद्यात काढायची प्लेट आहे हेच कोणी सांगितलेलं नव्हतं.

टप्पा 8: खांदा, म्हणजे ह्युमरसचं डोकं

8.1 आधी धागे. डेल्टोपेक्टोरल (खांद्याच्या पुढच्या दोन स्नायूंच्या मधली वाट) मधून गेलात की प्लेटला हात लावायच्या आधी रोटेटर कफमध्ये, जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथे, जाड धागे टाका: वर, मागे आणि पुढे. ट्यूबरोसिटीचे (डोक्याजवळच्या हाडाच्या उंचवट्यांचे) तुकडे या धाग्यांनी घोड्याच्या लगामासारखे ओढता येतात. क्लॅम्पनं धरायला गेलात तर मऊ हाड चुरगळतं. दंडाच्या बाजूनं स्नायू फाकवून जात असाल तर अॅक्झिलरी नस अॅक्रोमियनच्या खाली साधारण 5 ते 7 सेंटिमीटरवर आडवी जाते, फाक त्याच्या आत थांबवायला एक टाका मारून ठेवा.

8.2 डोकं उचला. बहुतेक वेळा डोकं आतल्या बाजूला कोसळलेलं असतं. त्यात जाड के-वायर घालून गाडीच्या गिअरसारखी वापरा किंवा खालून चपट्या एलिव्हेटरनं उचला. मान आणि दांड्यातला (हाडाच्या लांब सरळ भागातला) कोन नॉर्मली 130 ते 135 अंश. 120 च्या खाली सोडून लॉक केलंत तर स्क्रू कितीही टाका, ते डोकं पुढच्या काही आठवड्यांत खाली बसणार.

8.3 आतली बाजू टेकवा. काखेकडची हाडाची कड एकमेकांवर टेकली पाहिजे. चुरा असेल तर दांडा थोडा डोक्यात रुतवा किंवा आत हाडाचा आधार द्या. खांद्याच्या प्लेटा फेल होण्याचं मुख्य कारण इथेच आहे, प्लेट बाहेरच्या बाजूला असते आणि आत आधारच नसेल तर ती एकटी किती ओढून धरणार.

8.4 के-वायरनी तात्पुरतं धरा, पुढच्या बाजूनं, म्हणजे प्लेटच्या वाटेत येणार नाहीत.

तपासा: समोरून कोन, काखेतून डोकं पुढे-मागे झुकलंय का. दुसरा व्ह्यू न घेता पुढे जाणं म्हणजे एक डोळा झाकून सुईत धागा ओवणं.

टप्पा 9: खांद्याची प्लेट आणि डोक्यातले स्क्रू

प्लेटचं वरचं टोक मोठ्या ट्यूबरोसिटीच्या टोकापासून 5 ते 8 मिलीमीटर खाली, आणि बायसेप्सच्या खाचेपासून 2 ते 4 मिलीमीटर बाहेर. वर गेली तर हात उचलताना अॅक्रोमियनला आपटते. खाली गेली तर खालचे दोन आधाराचे स्क्रू बरोबर जागी जात नाहीत. पुढे सरकली तर खाचेजवळच्या रक्तवाहिनीवर आणि बायसेप्सवर बसते.

पहिला स्क्रू दांड्यात, लांबट भोकात, कॉर्टिकल, अर्धवट घट्ट. आता प्लेट वर-खाली सरकवून उंची जमवा, मग घट्ट करा. धागे प्लेटच्या बारीक भोकांतून आत्ताच ओवून घ्या, प्लेट पूर्ण दाबली की खालून सुई जात नाही आणि मग चिमट्यानं झटापट होते.

डोक्यातले लॉकिंग स्क्रू: ड्रिलनं फक्त बाहेरचं कवच फोडा, फार तर थोडं आत, ठोकत-ठोकत पुढे जा, सांध्याच्या कूर्चेखालचं हाड ड्रिलनं ओलांडायचंच नाही. त्या हाडाला एकदा भोक पडलं की पुढे डोकं जरा खाली बसलं तरी स्क्रू तिथूनच बाहेर येतो. स्क्रूचं टोक सांध्याच्या पृष्ठभागापासून पाचेक मिलीमीटर अलीकडे थांबू द्या. मधल्या मापात अडकलात तर छोटा घ्या, दरवेळी छोटाच.

डोक्याच्या खालच्या भागात आतल्या कडेला लागून जाणारे दोन स्क्रू, ज्यांना आपण कॅल्कार स्क्रू म्हणतो, ते चुकवू नका. त्यांची तिरकी रेघ डोक्याच्या खालच्या चतुर्थांशात पडली पाहिजे. घाईत वरचे पाच-सहा टाकून "झालं" म्हणणारे आहेत, आणि आधार देणारे नेमके खालचे दोन असतात.

एक केस सांगतो. समोरच्या व्ह्यूत सगळे स्क्रू डोक्यात, सुंदर. मी हात धरून आत-बाहेर फिरवायला लागलो आणि सी-आर्म चालू ठेवलं, तर फिरवता फिरवता मागच्या एका स्क्रूचं टोक हळूच गोल रेघेबाहेर आलं, तीळभर, आणि परत आत गेलं. स्थिर फोटोत ते कधीच दिसलं नसतं. चेंडूसारख्या गोल डोक्यात एका फोटोवरून आत-बाहेर ठरत नाही. चालू सी-आर्मवर पूर्ण फिरवून बघणं हा नियमच करा.

टप्पा 10: बंद करताना आणि पुढचे आठवडे

कॉलरबोनला जखमेत सलाइन भरून भूलतज्ज्ञांना फुफ्फुस फुगवायला सांगा, बुडबुडे आले तर फुफ्फुसाला इजा. शंका असेल तर छातीचा एक्स-रे. प्लेटवर मांसाचा थर वेगळा शिवा, कातडी आणि धातू यांच्यात काहीतरी जाड राहिलं पाहिजे. खांद्याला कफचे धागे आता बांधा.

पेशंटच्या चुका दोन टोकांच्या असतात. एक जण धातू बसलाय म्हणून दहाव्या दिवशी बादली उचलतो, दुसरा घाबरून दीड महिना हात छातीशी बांधून बसतो आणि खांदा गोठवून आणतो. प्लेट हाड जुळेपर्यंत धरून ठेवते, ती हाडाऐवजी वजन उचलायला नसते.

पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर पूर्ण हलवायचे. सर्जननं हो म्हटलं की पहिल्या दिवसांतच पुढे वाकून हात लोंबकळता ठेवून लंबकासारखे हलके झोके. खांद्याच्या प्लेटला साधारण सहा आठवडे दुसऱ्यानं किंवा दुसऱ्या हातानं उचललेली हालचाल, मग स्वतःच्या ताकदीनं, आणि वजनाचे व्यायाम दहा-बारा आठवड्यांनंतर एक्स-रे बघून. कॉलरबोनला पहिले सहा आठवडे खांद्याच्या उंचीवर हात नेऊन काम नको आणि वजन नको. सिगारेट बंद, ती हाड न जुळण्याला सरळ मदत करते.

एक्स-रे साधारण 2, 6 आणि 12 आठवड्यांनी, आणि खांद्याला दरवेळी काखेतला व्ह्यूसुद्धा. बघायचं काय: कोन कमी होतोय का, स्क्रूचं टोक सांध्याजवळ सरकतंय का. स्क्रू आत आलेला दिसला तर "पुढच्या वेळी बघू" नाही, तो सांध्याची वाटी रोज घासतोय, लवकर काढा.

सावध: जखमेतून पाणी येतंय, लाली पसरतेय, ताप आहे, हात अचानक सुजला, बोटं बधिर पडली किंवा टक् आवाज होऊन परत दुखायला लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं.

टप्पा 11: प्लेट काढायची असेल तर

टोचत नसेल तर कॉलरबोनची किंवा खांद्याची प्लेट काढायलाच पाहिजे असं काही नाही, हुक प्लेट सोडून. काढायचीच असेल तर हाड पूर्ण जुळल्याचं फोटोत दिसू द्या, साधारण वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या.

काढतानाही क्रम आहे आणि तोही उलटाच केला जातो. एकेक स्क्रू पूर्ण काढत जाऊ नका. आधी सगळे लॉकिंग स्क्रू एकेक फेरा सैल करा, सगळे, आणि मगच बाहेर काढायला लागा. नाहीतर शेवटचा उरलेला स्क्रू जाम असला की तो फिरवताना अख्खी प्लेट पंख्यासारखी फिरते आणि शेजारचं मांस, नस गुंडाळते. स्क्रूच्या खाचेतलं मांस सुईनं कोरून साफ करा, नवीन, न झिजलेला ड्रायव्हर घ्या, पूर्ण आत बसवा, मगच फिरवा. खाच एकदा गोल झाली की उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लागतो, तोही नाही चालला तर डोकं ड्रिलनं उडवावं लागतं. हे दोन्ही त्या दिवशी ओटीत हजर आहेत ना, हे भूल द्यायच्या आधी विचारा. आणि काढल्यानंतर भोकं भरेपर्यंत ते हाड कच्चं असतं, त्यामुळे पुढचे काही आठवडे पडण्या-आपटण्याचे खेळ आणि जड वजन बंद.